इमारत नवी, गल्ली तीच

वाचकांचे प्रश्न, वास्तुविशारदाची उत्तरं

पुनर्विकासाबद्दलची पत्रं या सदराला नेहमीच येतात. या वेळी लिहिणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत, किंवा घरात तसं कुणी आहे म्हणून लिहिताहेत. कार्पेट किती वाढेल, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून येणारा निधी, किती मिळेल, हे त्यांनी विचारलेलंच नाही. आपलं रोजचं जगणं नव्या इमारतीत मावेल का, एवढंच त्यांना हवंय. म्हणून या महिन्याची सगळी जागा त्यांच्यासाठी.

प्रश्न : आमची सोसायटी ठाण्याच्या नौपाड्यात आहे. तळमजला अधिक तीन, सोळा घरं, बेचाळीस वर्षांची इमारत. बिल्डरच्या नकाशात खाली चार मजले पार्किंग आणि त्यावर बारा मजले घरं आहेत. गल्लीच्या बाजूला गाड्यांचा रॅम्प आणि त्यावर जाळीची भिंत. ज्येष्ठांसाठी म्हणून गच्चीवर बाग दिली आहे. सोळापैकी नऊ घरांत पासष्टीपुढची माणसं आहेत. नकाशा बघून काहीतरी खटकतं, पण काय मागायचं ते सभेत नीट मांडता येत नाही. — एक सभासद, नौपाडा

उत्तर : तुम्हाला खटकतंय ते योग्यच आहे. त्या नकाशात पहिलं घर सुरू होतं ते जमिनीपासून चाळीस फुटांवर, म्हणजे आज तुमची गच्ची जिथे आहे साधारण तिथे. आज पहिल्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारता येते. उद्या खालच्या चारही मजल्यांवर नुसत्या गाड्या असतील आणि गल्लीकडे बघणारं कुणीच नसेल.

आधी माझ्या आईचं सांगते, कारण हे सगळं मी तिच्यामुळे शिकले. आई चरईत तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. दोन्ही गुडघे गेल्यावर ती बावीस महिने खाली उतरली नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, त्यातून पाव, कोथिंबीर, पेपर वर यायचा. घरात कशाची कमी नव्हती. कामाला बाई होती, टीव्ही होता, मी आठवड्यातून दोनदा जायचे. तरी ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. मग मतदानाच्या दिवशी चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. मत देऊन आल्यावर म्हणाली, "लगेच वर नको नेऊस. वाण्याच्या पायरीवर बसते थोडी." वाण्यानं आतून स्टूल आणून दिलं. पाऊण तास बसली. मी बाजूला उभी राहून मोजत होते, अकरा माणसं थांबली. गिरणीवाला थांबला, शाळेतल्या दोन जुन्या विद्यार्थिनी थांबल्या. एकीनं मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, दुसरीनं मोदकाच्या उकडीला पाणी किती घ्यायचं ते विचारून घेतलं. त्या पाऊण तासात आई जेवढी बोलली, तेवढी त्या बावीस महिन्यांत बोलली नव्हती.

तेव्हापासून नकाशा हातात आला की मी आधी तळमजला उघडते. बाकीचे मजले नंतर.

तुमच्या नकाशात गल्लीचा सगळा दर्शनी भाग रॅम्पनं खाल्लाय. सोळा जुनी घरं आणि विक्रीची तीस-पस्तीस घरं धरली, तर पार्किंग लागणारच, ते नाकारून चालणार नाही. पण रॅम्प समोरच हवा असं कुठे आहे? प्लॉटच्या एका कडेनं गाड्या आत घ्या, मागच्या बाजूला कार लिफ्ट किंवा पझल पार्किंग (यंत्रानं गाड्या सरकवून एकावर एक ठेवायची सोय) घ्या, म्हणजे दर्शनी भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा मोकळा होतो. तिथे दोन-तीन दुकानं, सोसायटीचं ऑफिस आणि लिफ्टची लॉबी येऊ द्या. पुढे दीड फूट उंचीचा, वर छत असलेला ओटा ठेवा. दीड फूट अशासाठी, की म्हाताऱ्या गुडघ्यांना तेवढ्या उंचीवरून उठता येतं. गुळगुळीत ग्रॅनाइट नको, शहाबादी फरशी पुरे. आणि तळमजल्यावर आज जी दुकानं आहेत, त्यांना परत तिथेच जागा मिळाली पाहिजे. तुमच्याकडे शिंपी आहे, गिरणी आहे असं पत्रात लिहिलंय. गिरणीच्या जागी चकचकीत शोरूम आलं तर ज्येष्ठांना तिथे रोज जायला काय कारण उरणार?

दुसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पार्किंगचे मजले गल्लीपर्यंत आणू नका. पुढची वीस-बावीस फूट खोलीची पट्टी घरांसाठी ठेवा आणि गाड्या तिच्यामागे लावा. या पट्टीत पहिल्या ते तिसऱ्या मजल्यावर छोटी वन बीएचके घरं बसतात. ज्या ज्येष्ठांना हवी असतील त्यांना ती द्या. बिल्डर म्हणेल, खालच्या घरांना भाव येत नाही. विक्रीच्या घरांना येत नसेल, पण ही घरं विकायचीच नाहीत, ती सभासदांची आहेत. लिफ्ट बंद पडली तरी तिथून उतरता येतं. रात्री आग लागली तरी दोन-तीन जिने उतरून माणूस रस्त्यावर येतो. खिडकीत उजेड दिसतो, म्हणून गल्लीही रात्री सुरक्षित वाटते. आणि आजूबाजूच्या तीनमजली इमारतींच्या ओळीत तुमची इमारतही तेवढ्याच उंचीवर खिडक्या-गॅलऱ्या घेऊन उभी राहते. त्या उंचीनंतर वरचे मजले दहा-बारा फूट मागे सरकवले की खालून चालणाऱ्याला बुरुज अंगावर आल्यासारखा वाटत नाही. मागच्या घरांना उजेडही मिळतो.

नौपाड्यातल्या पुष्कळ गल्ल्या अरुंद आहेत. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वाढीव चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, म्हणून तुमच्या पुढची काही पट्टी रस्तारुंदीत जाण्याची शक्यता धरून चाला. उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरायला सहा मीटर मोकळी जागाही सोडावी लागते. बिल्डरकडून ही पट्टी आणि ही मोकळी जागा वजा करून आखलेला तळमजला मागा. पहिल्या प्रेझेंटेशनमधला ओटा आणि बाकडी अशा वेळी नेमकी गायब होतात.

आता लिफ्ट. बिल्डर आठ माणसांची लिफ्ट दाखवतील. तिचा पिंजरा साधारण १,३०० बाय १,१०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे सव्वाचार फूट बाय साडेतीन फूट. स्ट्रेचर सहा फुटांच्या वर लांब. झोपलेला माणूस त्यात मावत नाही, त्याला बसतं करावं लागतं, आणि हार्ट अटॅकच्या किंवा खुब्याच्या माणसाला बसवणं म्हणजे त्याचे हाल. दोनपैकी एक लिफ्ट निदान १,१०० बाय २,१०० मिलिमीटरची मागा. तिचा शाफ्ट आरसीसी ड्रॉइंगमध्ये आधीच धरावा लागतो. इमारत उभी राहिल्यावर तो वाढवता येत नाही.

व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा खडा नको. वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी साचतं ते तुम्ही दरवर्षी बघता, त्यामुळे जोतं उंच ठेवावं लागणारच. दोन फूट जोतं धरलं तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो, शिवाय वळायला जागा. ही जागा आधी आखली नाही, तर शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात आठ फुटांचा घसरगुंडीसारखा रॅम्प बसवतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन धडधाकट माणसं लागतात. माझी आई पुढे अशाच एका नव्या इमारतीच्या दारात, पावसानं ओल्या झालेल्या गुळगुळीत टाइलवर पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून रॅम्पवर छप्पर आणि दोन्ही बाजूंना कठडा असल्याशिवाय मी नकाशावर सही करत नाही.

मागच्या अंगणातल्या आंब्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण ती ओळ मला मोठी वाटली. पन्नास वर्षांहून जुनी झाडं २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं वारसा वृक्ष मानली जातात. वय कितीही असो, तो कोपरा पार्किंगच्या पोडियमच्या स्लॅबखाली घेऊ नका. झाडाला माती लागते, आणि मातीचा मोकळा तुकडा असेल तर पावसाचं पाणीही जिरतं. गच्चीवरची बाग असू दे. पण सोळाव्या मजल्यावर उन्हात बसून भेटणार कोण, तर आपल्याच इमारतीतली माणसं. गल्ली तिथे येत नाही.

हे सगळं सभेत मांडायचं ते विकास करारनामा होण्याआधी. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या प्रक्रियेत एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. नऊ घरं म्हणजे सोळापैकी ५६ टक्के होतात. तुम्ही नऊ जण एकत्र बोललात तर तुम्हाला वगळून ठराव होऊच शकत नाही. तोंडी आश्वासनं घेऊ नका. तळमजल्याचा नकाशा, लिफ्टची मापं आणि दुकानांच्या जागा करारनाम्याला जोडून घ्या आणि प्रत्येक पानावर सही घ्या.

प्रश्न : बाबांसाठी बाथरूममध्ये स्टीलचा दांडा लावला. महिनाभरात भिंतीतून उपटून आला, टाइलही फुटली. घर तीन वर्षांपूर्वीच्या नव्या इमारतीत आहे. — कासारवडवली

उत्तर : तुमची भिंत बहुधा सिपोरेक्सच्या ब्लॉकची आहे. आतून सच्छिद्र असते, नेहमीच्या प्लगवर माणसाचा भार पेलत नाही. दोन उपाय आहेत. केमिकल अँकर (भोकात भरायचं घट्ट होणारं रसायन) वापरून लांब बोल्ट बसवायचे, किंवा तेवढा भाग फोडून आत काँक्रीटचा पट्टा ओतून घ्यायचा. दुसरा खर्चिक आहे, पण मी तोच सुचवेन. दांडा कमोडच्या बैठकीपासून आठ-नऊ इंच वर, बाबांच्या जोरकस हाताच्या बाजूला. कमोडची बैठक अठरा-एकोणीस इंचांवर असावी.

आणि हातासरशी टेप घेऊन बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोजा. चौकटीतून चौकटीपर्यंत नव्हे, दार उघडल्यावर उरते ती. पुष्कळ घरांत ती पंचवीस-सव्वीस इंच भरते. घरातली व्हीलचेअर पंचवीस-सत्तावीस इंच रुंद असते. त्यात दार आत उघडत असेल, आणि आत पडलेला माणूस दाराला टेकला असेल, तर बाहेरून दार उघडत नाही. दार बाहेर उघडेल असं करून घ्या किंवा सरकतं लावा. हे काम एका दिवसाचं आहे, पुढच्या रविवारीच करा.

ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी दांडा कुठे येणार ते आत्ताच भिंतीवर खडूनं आखून द्यावं आणि तेवढ्या जागी भरीव काँक्रीट घालून घ्यावं.

प्रश्न : आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये राहतो. आई-वडील ७८ आणि ८२ वर्षांचे, दोघं वरच्या खोलीत. आम्हाला जुनं घर पाडून तळमजला अधिक दोन बांधायचंय. कंत्राटदार म्हणतो, पुढच्या चौकाच्या बाजूला भिंत बाहेर काढून गाडीसाठी शेड घेऊ. शेजारच्या काहींनी तसं केलंय. करावं का? — सेक्टर ८, सीबीडी बेलापूर

उत्तर : शेड करू नका. तुम्ही अशा वस्तीत राहता जी बघायला देशोदेशीचे वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, पण माझा आग्रह त्यासाठी नाही. तुमच्या आई-वडिलांसाठी आहे.

चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका चौकाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक, तसे तीन मिळून त्याहून मोठा. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येक कुटुंबानं पैसे येतील तसं आपलं घर वाढवावं ही कल्पना होती. म्हणजे घर वाढवणं हा इथे अपराध नाही, मूळ विचारच तो आहे. माणसं वाढणार, लेकी-सुना येणार, वर मजला चढणार, हे धरूनच प्लॉट आखलेत. वाढवायचं मात्र आपल्या प्लॉटमध्ये आणि वर. चौकात नाही. आठ मीटरच्या चौकात सात घरांनी सात गाड्या घातल्या तर चौक उरत नाही.

मी त्या भागात खूप वेळा गेले आहे. पारसिकच्या डोंगराकडून उतरत आलं की एकेक चौक लागतो. एका चौकात तुळशीवृंदावन, एकात कुणीतरी पापड वाळत घातलेले. एकदा दुपारी चारला एका चौकात तीन आजी ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या, आणि समोरच्या दारातला दीड वर्षाचा मुलगा तिघींच्या नजरेखाली खेळत होता. त्याची आई आत स्वयंपाकघरात होती. ज्येष्ठांसाठी, मुलांसाठी म्हणून वेगळं केंद्र बांधून जे साधत नाही, ते आठ मीटरच्या चौकात आपसूक चाललं होतं.

तुमच्या आई-वडिलांना वरून खाली आणा, नव्या घराचा सगळा नकाशा या एका गोष्टीभोवती करा. त्यांची खोली तळमजल्यावर, दार थेट चौकात उघडणारं, बाथरूम खोलीला लागून. दाराला उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नको. पाणी आत येऊ नये म्हणून दारावर तीन फुटांचा छज्जा आणि समोर जाळीची गटार करा. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, तिकडची खिडकी असेल तर तिलाही खोल छज्जा हवा. पलंग असा ठेवा की झोपल्या झोपल्या चौक दिसेल. वडील पुढे कधी अंथरुणाला खिळले तरी येणारा-जाणारा "कसं काय काका?" विचारून पुढे जाईल.

जिना आतल्या खोलीतून न घेता बाजूच्या मोकळ्या जागेतून वर न्या. उद्या दुसरा मजला भाड्यानं द्यायचा झाला, किंवा मदतीसाठी कुणाला ठेवायचं झालं, तर तुमच्या घरातून वाट लागत नाही. जुन्या भिंती भार पेलणाऱ्या असल्या तर त्यांच्यावर दोन मजले चढवायचा विचारही नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया तपासून घ्या. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची आहे, म्हणून महापालिकेची परवानगी आणि सिडकोचा ना हरकत दाखला, दोन्ही कंत्राटदाराच्या भरवशावर सोडू नका. फायलीच्या प्रती तुमच्याकडे असू द्या.

गाडीचं म्हणाल तर चौकाबाहेरच्या रस्त्यावर लावा आणि साठ-सत्तर पावलं चाला.

प्रश्न : मी नोकरीसाठी बंगळूरला असतो. आई-वडील (७१ आणि ७४) घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर. नेरळजवळ ज्येष्ठांसाठीचा एक प्रकल्प बघितला. डोंगर, हिरवळ, मेस, डॉक्टर ऑन कॉल. ठाण्याचा फ्लॅट विकून त्यांना तिथे हलवावं असं वाटतं. आई तयार नाही. — बंगळूरहून एक मुलगा

उत्तर : आई का तयार नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते विचारा, आणि फोनवर नको, घरी जाऊन विचारा.

असे प्रकल्प वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही माणसं तिथे खरोखर सुखात आहेत. ज्यांना बागेची, शांततेची आवड आहे आणि ज्यांचा शहरातला गोतावळा आधीच विरळ झालाय, त्यांना ते मानवतं. महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. दारं ९०० मिलिमीटर रुंद, जिना १,५०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना कठडा, एकाहून जास्त मजले असले तर लिफ्ट, स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र, बाथरूम आणि बेडरूममध्ये धोक्याची घंटा, वीज गेल्यावर बॅकअप. हे विक्री करारात लिहिलेलं असायला हवं. जाहिरातीत 'सीनियर लिव्हिंग' असेल आणि करारात यातलं काही नसेल, तर तिथेच थांबा. नौपाड्याच्या वाचकांनाही सांगते, हे निकष तुमच्या इमारतीला लागू नसले तरी यादी तशीच उचलून करारनाम्याला जोडायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

नेरळला जुलैत जा. ब्रोशर डिसेंबरचं असतं. आई-वडिलांना भाड्यानं महिनाभर तिथे राहू द्या. मोठ्या हॉस्पिटलला रात्री दोन वाजता, पावसात, गाडीनं किती मिनिटं लागतात ते स्वतः जाऊन बघा. मेस आणि नर्सिंग बिल्डर गेल्यावर कोण चालवणार, दरमहा खर्च दरवर्षी किती वाढणार, दोघांपैकी एकच उरलं तर घर बदलून लहान मिळतं का, हे लेखी घ्या.

पण तुमच्या पत्रात आणखी एक माहिती आहे. तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुम्ही लिहिता, "आई आजही दर गुरुवारी रिक्षानं कोपिनेश्वरला जाते आणि तलावपाळीला मैत्रिणींना भेटते." घोडबंदर रोडहून! त्या रहदारीतून, एवढ्या लांब. तिची माणसं कुठे आहेत, ते तिनं तुम्हाला सांगितलंय. एकविसावा मजला विकायचाच असेल तर चरई, नौपाडा, उथळसर भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत खालच्या मजल्यावरचं वन बीएचके बघा. जागा निम्मी मिळेल. पण केमिस्ट, डॉक्टर, देऊळ, नाटकाला गडकरी रंगायतन, आणि गुरुवारच्या मैत्रिणी चालत जाण्याच्या अंतरात येतील. स्टेशनही.

घर कुठेही घ्या, ते आई-वडिलांच्या नावावर घ्या. त्यांनी पुढे कधी बक्षीसपत्रानं ते कुणाला दिलं, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात लिहायला सांगा. सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर उभा राहतो.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांत एक संस्था ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र सुरू करू पाहतेय. काही सभासदांचा विरोध आहे. ॲम्ब्युलन्स येतील, वातावरण उदास होईल, फ्लॅटचे भाव पडतील, असं म्हणतात. — नेरूळ

उत्तर : त्या गाळ्यांत बार आला असता तर? केंद्र येऊ द्या. नवी मुंबई महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेतच, तुमच्या जवळच्या केंद्रात विरोध करणाऱ्या सभासदांना घेऊन सकाळी अकरा वाजता जा. कॅरम, पेपरवाचन, भजनाची तालीम चाललेली असते. उदास काही नसतं. संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या. ॲम्ब्युलन्स कुठे उभी राहणार, औषधोपचाराचा कचरा कोण वेगळा नेणार, आणि ने-आण करणारी व्हॅन गेट अडवणार नाही. एवढं झालं की तुमच्याच इमारतीतले आजी-आजोबा लिफ्टनं खाली उतरून तिथे जातील.

प्रश्न : मी ८१ वर्षांची. आमची इमारत पाडणार आहेत. तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. मुलं म्हणतात, कळव्याला स्वस्त मिळतंय, भाड्याचे पैसे उरतील. मला नव्या घराची हौस नाही, पण इथून दूर जायची भीती वाटते. परत येईन की नाही कुणास ठाऊक. आमच्या कोपऱ्यावर एक सिमेंटचं बाकडं आहे, संध्याकाळी आम्ही चौघी तिथे बसतो. — कोपरी

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी तुमच्या मुलांसाठी इथे छापते आहे. त्यांनी ते वाचावं.

तीन वर्षं हा मुलांच्या दृष्टीनं मधला काळ आहे. ८१ व्या वर्षी तो मधला नसतो. बिल्डर देतो ते भाडं उरवण्यासाठी नाही, सभासदाचं जगणं आहे तसं चालू राहावं म्हणून आहे. त्यात चार हजार कमी पडले तर मुलांनी घालावेत, पण घर कोपरीतच बघावं, बाकड्यापासून दहा मिनिटांच्या आत. तळमजला किंवा चालू लिफ्ट. तुमच्या इमारतीत आणखी ज्येष्ठ असतील, तर सोसायटीनं सगळ्यांची भाड्याची घरं एकाच पट्ट्यात शोधून द्यावीत. मी एका सोसायटीत हे करून घेतलं आहे. दलाल आधी कुरकुरतात, मग एकगठ्ठा सहा घरं मिळतात म्हणून स्वतःच धावपळ करतात. घर हलवताना तुमचा डॉक्टर, केमिस्ट आणि दूधवाला बदलू देऊ नका.

प्रकल्प रखडला तर भाडं किती काळ आणि कसं मिळणार, त्यासाठी बँक गॅरंटी आहे का, हे मुलांनी करारात बघावं. पाडकाम सुरू होण्याआधी पुढचं भाडं आगाऊ हातात यायला हवं.

आणि बाकडं. ते सोसायटीच्या कुंपणाच्या आत असेल तर पाडण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या. सोसायटीच्या चेअरमनना सांगा की नव्या इमारतीच्या तळमजल्याच्या नकाशावर त्याची जागा आखून द्यायला लावा, गल्लीकडे तोंड करून, वर सावली, पाठीला टेका आणि उठताना धरायला दोन्ही बाजूंना हात. चार माणसं बसतील एवढं लांब, म्हणजे सात फूट. ते कुंपणाबाहेर असेल तर महापालिकेचं आहे. मग तुम्ही चौघींनी सह्या करून प्रभाग कार्यालयात अर्ज द्या, की बांधकाम चालू असताना ते उचलून पलीकडच्या फुटपाथवर सावलीत ठेवावं. अर्जाचा मसुदा मी लिहून देते. तुमचा पत्ता आहे माझ्याकडे, या आठवड्यात पोस्टानं पाठवते.